एस्टोनियन आणि इराणी स्थलांतरित : दोन समाजांच्या स्थितीची तुलना करताना नेमके काय मोजावे

प्रश्न असा विचारला गेला आहे की अमेरिकी जनगणना विभागाच्या तक्त्यांत एस्टोनियन आणि इराणी वंशमूळ सांगणारे लोक शिक्षणात आणि उत्पन्नात राष्ट्रीय सरासरीच्या वर दिसतात, तर या दोहोंपैकी कोणता समाज अधिक सुस्थित मानावा आणि त्याचे श्रेय त्यांच्या संस्कृतीला द्यावे काय. स्थलांतरितांच्या आकडेवारीवर बरीच वर्षे काम करत असल्याने मी प्रथम सरळ उत्तर देतो. उच्च शिक्षणाच्या प्रमाणात इराणी समाज पुढे आहे. सामाजिक स्वीकाराच्या बाबतीत एस्टोनियन समाजाची वाट पुष्कळ सोपी गेली. आर्थिक बाजूने पाहता एस्टोनियन कुटुंबे एकमेकांच्या जवळपास असणाऱ्या मध्यमवर्गीय पट्ट्यात आढळतात, तर इराणी समाजात अतिश्रीमंतांपासून सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या वृद्धांपर्यंत फार मोठा पल्ला आहे. मात्र या तिन्ही विधानांतून एस्टोनिया किंवा इराण या देशांविषयी फारसे काही कळत नाही. कोणता माणूस, कोणत्या वर्षी, कोणत्या कागदपत्रांच्या आधारे निघाला आणि तो उतरला तेव्हा तिथल्या कामाच्या बाजारात कोणती हवा होती, हेच त्यांतून कळते.

आधी तक्त्याविषयी. अमेरिकेत 1980 पासून लोकांना त्यांच्या पूर्वजांचे मूळ विचारले जाते आणि हल्ली हा प्रश्न दरवर्षी होणाऱ्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या नमुना पाहणीत असतो. उत्तर देणाऱ्याने लिहिलेल्या मुळांपैकी जास्तीत जास्त दोन नोंदली जातात. त्यामुळे ज्याची पणजी 1905 च्या सुमारास आज एस्टोनियाची राजधानी असलेल्या तालिनहून आली आणि ज्याला एस्टोनियन भाषेतले एक वाक्यही बोलता येत नाही, असा विस्कॉन्सिनमधला निवृत्त शिक्षकही त्या तक्त्यात ‘एस्टोनियन’ ठरतो. इराणी रकान्यात मात्र स्वतः इराणमध्ये जन्मलेल्यांचे आणि त्यांच्या मुलांचे प्रमाण फार मोठे आहे, कारण 1979 पूर्वी अमेरिकेत स्थायिक झालेले इराणी थोडेच होते. म्हणजे एका बाजूला तिसऱ्या-चौथ्या पिढीतले, इतर युरोपीय समाजांशी विवाहसंबंधांनी मिसळून गेलेले अमेरिकन आणि दुसऱ्या बाजूला अजून उच्चारावरून ओळखू येणारी पहिली पिढी, अशा दोन वेगळ्या अवस्थांची ही तुलना होते. एकाच रांगेतले दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असले तरी ते एकाच गोष्टीचे मोजमाप नसते.

संख्येचाही प्रश्न आहे. अमेरिकेत एस्टोनियन मूळ सांगणारे लोक तीस हजारांच्या आत-बाहेर आहेत. एका वर्षाच्या पाहणीत त्यांच्यापैकी काहीशे माणसेच सापडतात, त्यामुळे त्यांच्या मध्यक उत्पन्नाचा (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो) आकडा एका वर्षी वर, तर दुसऱ्या वर्षी खाली जाऊ शकतो आणि त्यावरून क्रमवारी लावणे धोक्याचे असते. पाच वर्षांची एकत्रित आकडेवारी आणि तिच्यासोबत दिलेली त्रुटीमर्यादा पाहिल्याशिवाय त्यावर काही बोलू नये. इराणी समाजाचे तसे नाही. 2020 च्या जनगणनेत एकट्याने किंवा इतर मुळांसह इराणी असे लिहिणारे साडेपाच लाखांहून अधिक होते. पण तिथे दुसरी अडचण येते. इराणमधून आलेले अर्मेनियन स्वतःला अर्मेनियन लिहितात, असिरियन आपले मूळ असिरियन सांगतात, आणि ज्यू कुटुंबांनी केवळ ‘ज्यू’ लिहिले तर धर्मावर आधारित उत्तरे प्रसिद्ध होत नसल्याने ती कुटुंबे इराणी गणनेतून गळतात. लॉस एंजेलिसमधल्या इराणी व्यापारी वर्गाचा बराच भाग याच समाजांचा असल्यामुळे ही गळती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. जन्मदेशाचा तक्ता घेतला तर उलटे घडते : एस्टोनियात जन्मलेल्यांत सोव्हिएत काळात तिथे वसलेल्या रशियन भाषक कुटुंबांची मुलेही येतात, जी स्वतःचे मूळ एस्टोनियन सांगणार नाहीत.

आता माणसांकडे वळू. एस्टोनियन लोक अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येत होते, पण ते रशियन साम्राज्याचे प्रजाजन म्हणून आणि बहुधा रशियन म्हणूनच नोंदले जात. 1924 च्या कायद्याने एस्टोनियाला वर्षाला अवघ्या 124 जणांचा कोटा दिला आणि ओघ जवळजवळ थांबला. आजच्या समाजाची खरी घडण दुसऱ्या महायुद्धात झाली. जून 1940 मध्ये सोव्हिएत संघाने देश व्यापला, जून 1941 मध्ये सुमारे दहा हजार लोकांना हद्दपार केले, मग तीन वर्षे जर्मन अंमल आला आणि 1944 च्या शरदात लाल सैन्य परत येऊ लागले तेव्हा सुमारे 70 ते 80 हजार लोक पश्चिमेकडे निघाले. देशाची लोकसंख्या त्या वेळी अकरा लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले की या पलायनाचा आवाका समजतो. पहिल्या हद्दपारीत ज्यांच्या वर्गावर घाव पडला होता तेच प्रामुख्याने पळाले : अधिकारी, शिक्षक, पाद्री, वकील, डॉक्टर, सैन्यातले लोक, आणि त्यांच्याबरोबर होड्या हाताशी असलेले किनाऱ्यावरचे मच्छीमार.

जर्मनीत पोहोचलेल्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत काही वर्षे काढली. गाइसलिंगन येथे एस्टोनियनांची मोठी वसाहत होती, तिथे शाळा चालत होत्या, आणि हॅम्बुर्ग व नंतर जवळच्या पिनेबर्गमध्ये 1946 पासून तीन वर्षे बाल्टिक (एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियाच्या) निर्वासितांचे स्वतःचे विद्यापीठही चालले. अमेरिकेचा 1948 चा विस्थापितविषयक कायदा या लोकांना विशेष अनुकूल होता, कारण त्याने किमान चाळीस टक्के व्हिसा परकीय सत्तेने गिळंकृत केलेल्या प्रदेशांतील लोकांसाठी, म्हणजे प्रत्यक्षात मुख्यतः बाल्टिक लोकांसाठी, राखून ठेवले होते. 1950 मध्ये तो प्राधान्यक्रम काढला गेला, पण तोवर बऱ्याच जणांची सोय झाली होती. या कायद्यातली दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते : येणाऱ्यासाठी नोकरीची आणि राहण्याच्या जागेची हमी आधी मिळालेली असावी लागे. म्हणून दहा हजारांहून अधिक एस्टोनियन आले ते कुठल्या तरी शेतावर, कारखान्यात किंवा घरकामाला ठरलेल्या जागी. न्यू जर्सीतील सीब्रुक फार्म्स या गोठवलेल्या भाजीपाल्याच्या मोठ्या उद्योगात त्यांतले अनेक जण कामाला लागले. तार्तू विद्यापीठात कायदा शिकलेल्या माणसाला त्या पदवीचा इथे काडीचाही उपयोग नव्हता, पण पगार पहिल्या आठवड्यापासून सुरू होत होता आणि युद्धोत्तर अमेरिकेत वेतन वाढत होते. वडिलांचा दर्जा घसरला, तरी घरातली पुस्तके आणि अभ्यासाची शिस्त टिकली, आणि मुले विद्यापीठांत गेली. न्यू जर्सीत वाढलेले, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले टूमास हेन्ड्रिक इल्वेस 2006 ते 2016 या काळात एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष होते. ते अशाच निर्वासित आईवडिलांचे पुत्र.

इराण्यांची गोष्ट वेगळ्या दारातून सुरू होते. 1973 नंतर तेलाचे उत्पन्न वाढले, देशातल्या विद्यापीठांत जागा अपुऱ्या होत्या आणि मध्यमवर्गाला मुले परदेशी पाठवणे परवडू लागले. 1979-80 या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत इराणी सर्वांत जास्त, सुमारे 51,000 होते. त्यांतले बहुसंख्य अभियांत्रिकीसारखे विषय शिकून घरी परतणार होते. 1979 च्या इस्लामी क्रांतीने तो रस्ता बंद केला आणि तात्पुरते विद्यार्थी कायमचे रहिवासी बनले. त्यांच्या मागोमाग उद्योजक, वरिष्ठ अधिकारी, ज्यू, बहाई आणि अर्मेनियन कुटुंबे आली, आणि 1980 ते 1988 च्या इराकबरोबरच्या युद्धाने आणखी लोकांना बाहेर ढकलले. पुढे 2004 पासून धार्मिक अल्पसंख्याकांसाठी व्हिएन्नामार्गे निर्वासित म्हणून येण्याची वेगळी वाट खुली झाली. म्हणजे समाजाचा गाभा अमेरिकी पदवी हातात असलेला होता, ती पदवी नव्याने सिद्ध करावी लागत नव्हती, आणि काहींनी भांडवलही सोबत आणले होते. पंचविशीच्या पुढच्या इराणी अमेरिकनांत पदवीधरांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळपास असते, त्यामागे ही निवड आहे. तेहरानमधल्या सर्वसामान्य मोहल्ल्यातून नमुना काढला असता तर असा आकडा कधीच आला नसता. संगणकशास्त्रज्ञ लोत्फी झादेह, गणितज्ञ मरियम मिर्झाखानी, उद्योगप्रमुख दारा खोस्रोशाही ही नावे अभिमानाने घेतली जातात आणि ती घेतलीही जावीत, पण समाजाची स्थिती मोजताना शिखरावरच्या नावांचा उपयोग नसतो.

सामाजिक स्थान या मुद्द्यावर थोडे थांबावे लागेल, कारण पैसा आणि मान यांच्यातली फट इथे स्पष्ट दिसते. 4 नोव्हेंबर 1979 रोजी तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला आणि 444 दिवस ओलीस प्रकरण चालले. अमेरिकेतल्या प्रत्येक इराणी विद्यार्थ्याला त्याच महिन्यात इमिग्रेशन कार्यालयात हजेरी लावून आपली कागदपत्रे दाखवण्याचा आदेश निघाला. ज्यांनी त्या राजवटीपासून पळ काढला होता, त्यांनाच तिचे प्रतिनिधी समजून वागवले गेले. 1980 मध्ये राजनैतिक संबंध तुटले ते आजतागायत जुळलेले नाहीत, त्यामुळे जून 2025 च्या नव्या प्रवासबंदीपर्यंत आईवडिलांच्या साध्या भेटीसाठीही व्हिसा मिळवायला तुर्कस्तान, संयुक्त अरब अमिराती किंवा अर्मेनियात जावे लागे. 27 जानेवारी 2017 च्या प्रवासबंदीच्या आदेशात इराण होता, आणि त्या दिवशी परदेशी गेलेले प्राध्यापक व संशोधकसुद्धा विमानतळांवर अडकले. आर्थिक निर्बंधांमुळे घरचे वारसाहक्काचे पैसे आणणेही कायदेशीर कटकटीचे होते. सरकारी वर्गीकरणात हे लोक दीर्घकाळ ‘श्वेतवर्णीय’ गणले गेले, म्हणजे भेदभाव झाला तरी तो मोजण्यासाठी स्वतंत्र रकानाच नव्हता. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वेगळा गट ठेवण्याचे मार्च 2024 मध्ये ठरले. उत्पन्नाच्या तक्त्यात यातले काहीही उमटत नाही.

याउलट एस्टोनियनांना अमेरिकी परराष्ट्र धोरणाचा आधार होता. 23 जुलै 1940 च्या निवेदनाने अमेरिकेने सोव्हिएत विलीनीकरण नाकारले आणि ती भूमिका शेवटपर्यंत बदलली नाही. न्यूयॉर्कमधला एस्टोनियन वाणिज्य दूतावास संपूर्ण शीतयुद्धभर उघडा राहिला आणि 1965 पासून तिथली धुरा सांभाळणारे अर्न्स्ट याक्सन 1991 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर राजदूतही झाले. ज्या समाजाचा देश नकाशावर नव्हता त्याचा पासपोर्ट अमेरिकेत मान्य होता, आणि ज्यांचा देश नकाशावर ठळक होता त्यांचा पासपोर्ट संशयाचा विषय होता. तरीही एस्टोनियनांचा सन्मान निष्कलंकपणे अबाधित राहिला असे म्हणणे चुकीचे ठरेल. जर्मन अंमलाखाली तार्तू येथील छळछावणीचा प्रमुख असल्याचा निष्कर्ष अमेरिकी न्यायालयांनी ज्याच्याविषयी काढला, त्या कार्ल लिनासला 1987 मध्ये सोव्हिएत संघाकडे हद्दपार करण्यात आले. समाजात त्यावर तीव्र मतभेद झाले, कारण अनेकांना आरोपीपेक्षा सोव्हिएत पुराव्यांविषयी आणि सोव्हिएत न्यायाविषयी अधिक शंका होती. माझ्या मते गुन्हा आणि पुरावे ज्या प्रकारचे होते ते पाहता समाजाने त्या माणसापासून लवकर अंतर राखायला हवे होते.

संस्था उभारण्याची पद्धतही दोघांची वेगळी. एस्टोनियनांनी 1946 मध्ये मॅनहॅटनमधल्या पूर्व 34 व्या रस्त्यावरची एक देखणी इमारत घेऊन तिचे एस्टोनियन भवन केले, 1949 पासून स्वतःचे वृत्तपत्र चालवले, आणि लुथरन चर्च, गायनमंडळे, बालवीर पथके व शनिवारच्या भाषाशाळा यांचे जाळे विणले. टोरंटोत तर 1954 मध्ये पतसंस्था निघाली आणि 1970 मध्ये विद्यार्थी वसतिगृहाची उत्पन्न देणारी तार्तू कॉलेजची इमारत उभी राहिली. देश पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत टिकून राहणे हे एकच उद्दिष्ट सर्वांपुढे असल्याने ही एकजूट शक्य झाली. इराणी समाजाला असे एकच उद्दिष्ट नव्हते. राजेशाहीवादी, डावे, धार्मिक, निधर्मी, मुस्लिम, ज्यू, बहाई, अर्मेनियन असे इतके पदर त्यात आहेत की सर्वांना मान्य होईल असे भवन उभे राहणेच कठीण होते. आर्थिक व्यवहार त्यामुळे लहान वर्तुळांतून चालतो : ज्यू व्यापाऱ्यांची लॉस एंजेलिसच्या कापड आणि दागिने बाजारातली साखळी, लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेलमधल्या अर्मेनियनांची, तर मुस्लिम घरांतून आलेल्या अभियंत्यांची आणि डॉक्टरांची व्यावसायिक ओळखींची. संस्था कमी आणि उद्योजकता जास्त, असे चित्र त्यातून तयार होते.

आता या सगळ्याची खरी कसोटी. संस्कृती हेच कारण असते तर हेच दोन समाज दुसऱ्या देशातही त्याच क्रमाने उभे राहिले असते. स्वीडनमध्ये तसे झाले नाही. 1943-44 मध्ये बाल्टिक समुद्र लहान होड्यांनी ओलांडून सुमारे तीस हजार लोक स्वीडनला पोहोचले, त्यांत बहुतांश एस्टोनियातले होते. स्वीडनचे कारखाने युद्धात शाबूत राहिले होते, युरोपच्या पुनर्बांधणीची मागणी येत होती आणि माणसे कमी पडत होती. एस्टोनियन लोक जंगलतोडीत, बुरोसच्या कापड गिरण्यांत आणि एस्किल्स्तुनाच्या लोखंडकामात लगेच सामावले. प्राध्यापक-वकिलांसाठी सरकारने ग्रंथालये व अभिलेखागारांत कमी पगाराची नोंदणीची कामे काढली. जानेवारी 1946 मध्ये स्वीडनने जर्मन सैन्यात गेलेल्या सुमारे दीडशे बाल्टिक सैनिकांना सोव्हिएतांच्या हवाली केले तेव्हा समाज हादरला आणि हजारो जण पुढच्या वर्षांत कॅनडाला निघून गेले. जे राहिले ते एका पिढीत स्वीडिश मध्यमवर्गात मिसळले.

इराणी तिथे पोहोचले ते मुख्यतः 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात. दशकाच्या आरंभी काही हजार असलेले इराणमध्ये जन्मलेले लोक 1990 पर्यंत चाळीस हजारांच्या घरात गेले. शिक्षणाच्या दृष्टीने हा गट चांगलाच वरचा होता : राजकीय कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक, अभियंते, सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटलेले तरुण. तरी त्यांच्यापुढे तीन गोष्टी एकदम आल्या. 1985 पासून सरकार निर्वासितांना देशभरच्या नगरपालिकांत वाटून देत होते आणि वाटप करताना रिकामी घरे कुठे आहेत हे पाहिले जाई, नोकऱ्या कुठे आहेत हे नाही. घरे अर्थातच जिथून लोक काम शोधायला निघून गेले होते तिथे रिकामी होती. दुसरे, वैद्यकीसारख्या व्यवसायांच्या परवान्यांसाठी भाषा आणि पात्रता नव्याने सिद्ध करण्यात वर्षे जात. तिसरे म्हणजे 1990 ते 1993 दरम्यान स्वीडनची बेरोजगारी दोन टक्क्यांच्या खालून आठ टक्क्यांच्या आसपास चढली आणि शेवटी आलेल्यांना पहिला फटका बसला. टॅक्सी चालवणारा इराणी अभियंता ही तिथली सर्वपरिचित आकृती त्या वर्षांत तयार झाली. स्वीडनमधल्या नावबदलाच्या नोंदी आणि वेतन यांची सांगड घालून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेही दिसले की आशियाई, आफ्रिकी आणि स्लाव्ह आडनावे टाकून स्वीडिश वाटणारे किंवा तटस्थ आडनाव घेतलेल्यांची कमाई नंतर वाढली. लॉस एंजेलिसमधला इराणी आणि स्टॉकहोमच्या उपनगरातला इराणी यांच्या घरची भाषा, कविता आणि नवरोजला मांडायचा सोफरा (सजवलेले दस्तरखान) सारखाच होता. मिळकतीत मात्र फार मोठे अंतर पडले.

मुलांच्या पिढीत मात्र चित्र पालटले. स्वीडनमधल्या इराणी पालकांची मुले उच्च शिक्षणात स्वीडिश सरासरीच्या पुढे गेली आणि वैद्यक, दंतवैद्यक, अभियांत्रिकी व कायदा या शाखांत ठळकपणे दिसू लागली. 1989 मध्ये आईबरोबर लहानपणी आलेले अर्दलान शेकाराबी मंत्री झाले, आणि 2022 मध्ये इराणी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या रोमिना पूरमोख्तारी हवामानमंत्री झाल्या. हे न्यू जर्सीतल्या एस्टोनियन घरांत घडले त्याच प्रकारचे आहे : पालकांचे शिक्षण कामाच्या बाजारात विकले गेले नाही, पण घरात ते वाया गेले नाही.

एस्टोनियनांच्या बाजूनेही उलटी कसोटी उपलब्ध आहे आणि ती फिनलंडची. 1991 नंतर, विशेषतः 2004 मध्ये एस्टोनिया युरोपीय संघात गेल्यावर, ऐंशी किलोमीटरच्या खाडीपलीकडे हेलसिंकीला जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि आज एस्टोनियन भाषक हा तिथल्या मोठ्या परभाषक गटांपैकी एक आहे. हे लोक बांधकाम, बस चालवणे, सफाई यांसारख्या कामांत मोठ्या प्रमाणावर आहेत. काम बहुतेकांना मिळते, पण उत्पन्नाची पायरी खालची असते, आणि आठवड्याच्या शेवटी बोटीने घरी परतणारेही अनेक आहेत. अमेरिकी तक्त्यावरून बनवलेली ‘एस्टोनियन’ प्रतिमा घेऊन तिथे गेलेला अभ्यासक पुरता गोंधळेल.

आपल्याकडचे उदाहरणही इराण या नावाखाली किती वेगवेगळी माणसे येतात ते दाखवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द व केरमानच्या गावांतून मुंबई-पुण्यात आलेले झरथुष्ट्री इराणी बहुधा गरीब होते, त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या, आणि नाक्यावरच्या चहाच्या दुकानांतून व बेकऱ्यांतून त्यांनी बस्तान बसवले. मुंबईतले कयानी हे इराणी कॅफे 1904 चे. त्यांच्यात आणि लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागातल्या इराणी अभियंत्यात फक्त जन्मदेशाचे नाव समान आहे.

तेव्हा प्रश्नकर्त्याला ही तुलना पुढे न्यायची असेल तर ‘एस्टोनियन’ आणि ‘इराणी’ हे दोन रकाने बाजूला ठेवून गट नव्याने पाडावेत. एकीकडे 1948 ते 1952 दरम्यान आलेल्या विस्थापितांची अमेरिकेत जन्मलेली मुले, आणि दुसरीकडे 1975 ते 1985 दरम्यान आलेल्या इराण्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले, ही जोडी घ्यावी. दोन्ही दुसरी पिढी असल्याने वय सांभाळून त्यांचे शिक्षण, व्यवसाय आणि घराची मालकी ताडून पाहता येईल. 1991 नंतर आलेल्या एस्टोनियनांना 2000 नंतर आलेल्या इराण्यांशी जोडावे, आणि त्यातही विद्यार्थी व्हिसावर आलेले, निर्वासित म्हणून आलेले आणि कुटुंबामार्फत आलेले वेगळे ठेवावेत. पाहणीत व्हिसाचा प्रकार विचारला जात नाही, म्हणून येण्याचे वर्ष आणि त्या वेळचे वय यांवरून अंदाज बांधावा लागतो. उत्पन्नाचा केवळ मध्यक न घेता खालच्या आणि वरच्या दहा टक्के लोकांचे आकडे सोबत मांडावेत, आणि कॅलिफोर्नियातल्या डॉलरची न्यू जर्सीतल्या किंवा विस्कॉन्सिनमधल्या डॉलरशी तुलना करण्यापूर्वी घरभाड्याचा फरक वजा करावा. इराणी समाजाचा फार मोठा भाग महागड्या दक्षिण कॅलिफोर्नियात एकवटलेला असल्यामुळे हा शेवटचा हिशेब केल्याशिवाय दोघांच्या उत्पन्नाची तुलना विश्वासार्ह ठरत नाही.